सियोनचे बुरूज : स्तोत्र ४८ मधील नगररक्षणाच्या श्रद्धेचा ऐतिहासिक अन्वयार्थ

प्रस्तावना

हिब्रू बायबलमधील ‘स्तोत्रसंहिता’ हा दीडशे स्तोत्रांचा संग्रह आहे. विलाप, कृतज्ञता, राजप्रशस्ती, नीतिबोध असे अनेक रचनाप्रकार त्यात एकत्र आलेले आहेत. हर्मान गुंकेल या जर्मन अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांचे प्रकारांनुसार वर्गीकरण केले, तेव्हा यरुशलेम नगरी व तिचा पर्वत यांचे स्तवन करणाऱ्या स्तोत्रांचा ‘सियोन-गीते’ असा एक गट पुढे आला. ४६, ४८, ७६, ८४, ८७ व १२२ ही स्तोत्रे सामान्यतः या गटात धरली जातात. गटाचे नाव स्तोत्र १३७ वरून घेतलेले आहे. त्या स्तोत्रात बाबेल येथे बंदिवासात नेलेल्या लोकांकडे त्यांचे विजेते सियोनच्या एखाद्या गीताची मागणी करतात. नगरीच्या अजिंक्यतेचे गुणगान करणाऱ्या गीतांना मिळालेले नाव हे असे ती नगरी उद्ध्वस्त करणाऱ्यांच्या तोंडून आलेले आहे.

या गटातील स्तोत्र ४८ मध्ये नगरीच्या सुरक्षिततेची ग्वाही सर्वांत ठळक आहे. शत्रू येतात, नगरी पाहतात आणि पळून जातात, असे हे स्तोत्र सांगते. इतिहासात मात्र इ.स.पू. ५८७/५८६ मध्ये बाबेलच्या सैन्याने यरुशलेमची तटबंदी फोडली, मंदिर जाळले आणि राजाला साखळदंडांनी बांधून नेले. घटनेने खोटे ठरवलेले हे स्तोत्र त्यानंतर टाकून का दिले गेले नाही? ते जतन करणाऱ्यांना त्याचा कोणता अर्थ अभिप्रेत होता? प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार स्तोत्राची शब्दरचना, समकालीन शिलालेख व उत्खनने आणि नंतरच्या वाचनपरंपरा यांच्या आधारे केला आहे.

स्तोत्राची रचना

शीर्षकात हे स्तोत्र ‘कोरहाचे पुत्र’ या मंदिरातील गायक-घराण्याशी जोडलेले आहे. मराठी भाषांतरांत त्याची १४ वचने आहेत. हिब्रू प्रतींत शीर्षकही एक वचन म्हणून मोजले जात असल्याने ती १५ होतात. आरंभी परमेश्वराची थोरवी आणि त्याच्या पवित्र पर्वताचे सौंदर्य वर्णिले आहे. पुढे एकत्र जमलेल्या राजांची दाणादाण येते. प्रसववेदनांची आणि पूर्वेच्या वाऱ्याने फुटणाऱ्या तार्शीशच्या गलबतांची उपमा तेथे योजलेली आहे. नंतर मंदिरात केलेले मनन येते. शेवटी श्रोत्यांना नगरीभोवती फिरण्याची, तिचे बुरूज मोजण्याची, कोट व वाडे न्याहाळण्याची आणि पुढच्या पिढीला सांगण्याची आज्ञा होते.

या रचनेत काय नाही, हेही पाहण्यासारखे आहे. दावीदाचे नाव नाही. यहूदाच्या राजाचा, सेनापतीचा, शिपायांचा उल्लेख नाही. नगरीच्या बाजूने एकही तलवार उपसली जात नाही. राजे घाबरतात ते केवळ पाहून. प्राचीन पश्चिम आशियातील विजयलेखांत राजाचे शौर्य, शत्रूंच्या मुंडक्यांची रास आणि लुटीच्या याद्या असतात. त्यांच्या तुलनेत हे मौन जाणीवपूर्वक पाळलेले वाटते. बुरूज आहेत, पण लढाईत त्यांचा काही उपयोग झाल्याचे स्तोत्रकार म्हणत नाही. लढाईनंतर ते जसेच्या तसे उभे आहेत, एवढेच त्यांचे काम.

उत्तरेचा पर्वत

दुसऱ्या वचनात सियोन पर्वताचे स्थान ‘यर्केतेय साफोन’, म्हणजे उत्तरेच्या टोकाला, असल्याचे म्हटले आहे. भूगोलाच्या दृष्टीने हे विधान जुळत नाही. सियोन ही देशाच्या उत्तर टोकाची टेकडी नव्हे. ती शेजारच्या जैतुनाच्या डोंगरापेक्षाही ठेंगणी आहे. जुन्या भाष्यकारांनी मंदिर हे दावीदाच्या मूळ वस्तीच्या उत्तरेस होते असे सांगून अर्थ लावण्याचा प्रयत्न केला. तो चूक म्हणता येणार नाही, पण त्याने स्तोत्राचा उदात्त सूर समजत नाही.

या शब्दाचा उलगडा सिरियाच्या किनाऱ्यावर झाला. १९२८ मध्ये रास शम्राजवळ शेतात नांगराला एक थडगे लागले आणि १९२९ पासून क्लोद शेफेर यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या उत्खननातून उगारीत हे प्राचीन नगर उजेडात आले. तेथील मृत्पट्टिकांवरील काव्यांत बाल या देवाचा महाल ‘सापान’ नावाच्या पर्वतावर आहे. उगारीतच्या उत्तरेला समुद्रालगत सुमारे १७०० मीटर उंचीचा जबल अल-अक्रा आजही दिसतो. तोच हा सापान. हिब्रू भाषेत ‘साफोन’ हा शब्द ‘उत्तर’ या अर्थी रूढ झाला, तो याच पर्वतामुळे, असे अनेक अभ्यासक मानतात. यशया ग्रंथाच्या १४ व्या अध्यायातही देवसभेचा पर्वत याच उत्तरेच्या टोकाला कल्पिलेला आहे.

तेव्हा स्तोत्रकाराने कनानी लोकांच्या देवपर्वताचा मान उचलून एका लहानशा टेकडीला दिला, असे दिसते. देवांचे निवासस्थान म्हणून जग ज्या पर्वताकडे पाहते तो खरा येथे आहे, हा त्याचा दावा. त्याच वचनात नगरीला थोर राजाची नगरी म्हटले आहे. ‘थोर राजा’ ही अश्शूरच्या सम्राटांची ठरलेली बिरुदावली होती. अक्कादी भाषेतील ‘शर्रू रबू’ आणि स्तोत्रातील ‘मेलेख रब’ यांतील विशेषण एकाच धातूचे आहे. अश्शूरला खंडणी देणाऱ्या मांडलिक राज्यात ही पदवी परमेश्वराला लावणे हे राजकीयदृष्ट्या निरुपद्रवी विधान खासच नव्हते.

इ.स.पू. ७०१ : स्तोत्र आणि वेढा

या स्तोत्राची ऐतिहासिक पार्श्वभूमी म्हणून अनेक भाष्यकार इ.स.पू. ७०१ मधील वेढ्याकडे बोट दाखवतात. अश्शूरचा राजा सन्हेरीब याच्याविरुद्ध यहूदाचा राजा हिज्कीया याने बंड केले आणि सन्हेरीबाने यहूदावर स्वारी केली. बायबलच्या राजे दुसरा या ग्रंथात (अध्याय १८ व १९) तिची हकिगत एकसारखी नाही. आधी काही वचनांत हिज्कीयाने माफी मागून ३०० किक्कार चांदी व ३० किक्कार सोने दिल्याचे कोरडे टिपण आहे. मग विस्ताराने अश्शूरच्या अधिकाऱ्याचे तटाखालचे भाषण, यशयाचे आश्वासन आणि एका रात्रीत परमेश्वराच्या दूताने १,८५,००० सैनिक मारल्याचा वृत्तांत येतो.

दुसरी बाजू सन्हेरीबाच्याच शब्दांत उपलब्ध आहे. १८३० मध्ये निनवेच्या अवशेषांत मिळालेला आणि आज ब्रिटिश म्युझियममध्ये असलेला ‘टेलर प्रिझम’ हा मातीचा षट्कोनी लेख या स्वारीचे वर्णन करतो. यहूदाची ४६ तटबंदी नगरे घेतल्याचा, २,००,१५० माणसे बाहेर काढल्याचा आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखे त्याच्याच राजधानीत कोंडल्याचा दावा त्यात आहे. माणसांचा आकडा अतिशयोक्त असावा. सोन्याच्या बाबतीत मात्र दोन्ही साधने ३० या एकाच आकड्यावर येतात. चांदीचा आकडा अश्शूरच्या लेखात ८०० आहे. यरुशलेम घेतल्याचे सन्हेरीब कोठेही म्हणत नाही. फुशारकीत कसूर न करणाऱ्या राजाने हे सांगितले नाही, यावरून नगरी पडली नव्हती हे निश्चित होते. इजिप्तच्या सीमेवर उंदरांनी अश्शूरी सैन्याच्या धनुष्यांच्या दोऱ्या कुरतडल्याची हेरोडोटसने दिलेली कथा याच मोहिमेची दूरची आठवण असेल. पण तिच्यावर फार भार टाकू नये.

नगरी वाचली, म्हणून स्तोत्र तेव्हाचे, हा तर्क सरळ दिसतो. स्तोत्रातील तपशील त्याला साथ देत नाहीत. स्तोत्रात एक राजा नसून अनेक राजे आहेत. अश्शूरचे नाव नाही, वेढा नाही, खंडणी तर नाहीच. तार्शीशची गलबते समुद्रावरची, आणि यरुशलेमपासून समुद्र ५० किलोमीटरहून दूर.

याहून महत्त्वाचा पुरावा अकराव्या वचनात आहे आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. सियोन पर्वताबरोबर यहूदाच्या कन्यांनीही हर्ष करावा, असे तेथे म्हटले आहे. हिब्रूमध्ये एखाद्या नगराच्या ‘कन्या’ म्हणजे त्याच्या आश्रयाची गावे. गणना २१ मध्ये हा शब्द याच अर्थाने आलेला आहे. या वचनातही राजधानीभोवतीच्या गावांना उद्देशून बोलणे आहे, असा अर्थ अनेक भाष्यकार घेतात. इ.स.पू. ७०१ मध्ये या गावांची स्थिती काय होती? यरुशलेमपासून सुमारे ४० किलोमीटरवरचे लाखीश हे राज्यातील दुसऱ्या क्रमांकाचे नगर बेचिराख झाले होते. निनवेच्या राजवाड्यातून ऑस्टेन हेन्री लेयार्ड यांनी उकरून काढलेल्या शिल्पपटांवर लाखीशचा पाडाव कोरलेला आहे : तटाला भिडवलेला मातीचा चढ, सुळावर चढवलेले कैदी, बैलगाडीत सामान आणि मुले घालून निघालेली कुटुंबे. १९७० नंतर डेव्हिड उसिश्किन यांच्या उत्खननात तो चढही प्रत्यक्ष अभ्यासला गेला. ही गावे जळत असताना त्यांनी नाचावे, असे सांगणारे स्तोत्र त्याच वर्षी रचले गेले असेल, हे संभवनीय वाटत नाही.

जे. जे. एम. रॉबर्ट्स यांनी १९७३ मध्ये सियोन-परंपरेचा उगम दावीदाच्या राज्यकाळात शोधला, उलट आर. ई. क्लेमेंट्स यांनी १९८० च्या आपल्या ग्रंथात, ७०१ च्या सुटकेची कथा योशीयाच्या काळात आजच्या रूपात आली आणि तीतून नगरीच्या अभेद्यतेचा सिद्धांत घडला, असे प्रतिपादन केले. या दोन मतांतून एकाची निवड करणे अपरिहार्य नाही. स्तोत्राची कल्पना जुनी असणे आणि ७०१ नंतर ती नव्या आवेशाने वाचली जाणे, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. काव्यात सर्वकालीन असलेल्या राजांना वाचकांच्या मनात सन्हेरीबाचा चेहरा मिळाला. पूजेतील श्रद्धा हळूहळू इतिहासाने सिद्ध झालेले प्रमेय बनली. धोका येथून सुरू झाला.

मोजणे आणि सांगणे

वेढ्यापूर्वी हिज्कीयाने नगरीची तटबंदी वाढवली होती. नाहमान अविगाद यांना जुन्या यरुशलेमच्या यहुदी मोहल्ल्यात १९७० च्या सुमारास सात मीटर रुंदीची भिंत सापडली. तिच्या वाटेत आलेली आधीची घरे पाडून ती बांधलेली आहे. गीहोन झऱ्याचे पाणी तटाच्या आत आणणारा ५३३ मीटर लांबीचा बोगदा याच काळातला मानला जातो. तो दोन्ही टोकांकडून खोदत आणून मध्ये जोडल्याची हकिगत सांगणारा शिलालेख १८८० मध्ये मिळाला व तो आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे.

यशयाच्या २२ व्या अध्यायात या कामाची दखल आहे, पण ती कौतुकाची नाही. तुम्ही यरुशलेमची घरे मोजली, तट बळकट करण्यासाठी ती पाडली, दोन भिंतींमध्ये तलाव केला, मात्र हे ज्याने योजले त्याच्याकडे पाहिले नाही, असा संदेष्ट्याचा आरोप आहे. येथे मोजण्यासाठी वापरलेले क्रियापद ‘साफर’ आहे, आणि स्तोत्र ४८ मध्ये बुरूज मोजण्याची आज्ञा आहे तेथेही तेच. एकाच नगरीत एक मोजणी निंद्य आणि दुसरी वंद्य ठरते, ती कशामुळे?

उत्तर स्तोत्राच्या पुढच्याच शब्दांत आहे. बुरूज मोजा, म्हणजे तुम्हाला पुढच्या पिढीला सांगता येईल, असा तेथील वाक्यान्वय आहे. आणि ‘सांगणे’ हे क्रियापदही ‘साफर’ या धातूचेच दुसरे रूप आहे. मोजणे व कथन करणे यांना जोडणारा हा धातुसंबंध मराठी वाचकाला परका वाटू नये. ‘संख्या’ आणि ‘आख्यान’ हे दोन्ही शब्द संस्कृतातील ‘ख्या’ या एकाच धातूपासून आलेले आहेत. यशयाच्या श्रोत्यांनी घरांची संख्या काढली आणि तेथेच थांबले. स्तोत्रकाराला संख्येतून आख्यान हवे आहे. शिवाय काय सांगायचे तेही स्तोत्र ठरवून देते. बुरूज पाहून आलेल्या माणसाने आपल्या मुलाला बुरुजांविषयी सांगावे अशी अपेक्षा होईल. प्रत्यक्षात शेवटच्या वचनात दर्शक सर्वनाम वळते ते देवाकडे. हे बुरूज असे आहेत, असे न सांगता हा देव असा आहे, असे सांगायचे. वाक्यातील हे वळण फार थोड्या जागेत घेतलेले आहे आणि घाईने वाचणाऱ्याच्या हातून ते सहज निसटते. इ.स.पू. सातव्या शतकाच्या अखेरीस यरुशलेमच्या पुष्कळ रहिवाशांच्या हातून ते निसटले असावे.

यिर्मयाचा खटला

यहोयाकीम राजाच्या कारकिर्दीच्या आरंभी, म्हणजे इ.स.पू. ६०९ च्या सुमारास, यिर्मया मंदिराच्या अंगणात उभा राहिला. त्याचे भाषण यिर्मया ग्रंथाच्या ७ व्या अध्यायात आहे. चोरी, खून, व्यभिचार, खोटी शपथ यांत दिवस घालवायचे, परका, अनाथ व विधवा यांना नाडायचे आणि मग मंदिराचे नाव तीन-तीनदा घेऊन आपण सुरक्षित आहोत असे मानायचे, यावर त्याचा घाला होता. त्याने उदाहरण दिले शिलोचे. यरुशलेमच्या उत्तरेस सुमारे ३० किलोमीटरवर असलेले ते जुने तीर्थस्थान कधीचे ओसाड झाले होते. शिलोचे झाले ते येथेही होईल, असे तो म्हणाला.

यिर्मयाने स्तोत्र ४८ चा नामनिर्देश केलेला नाही. तथापि त्याच्यासमोरच्या याजकांची आणि संदेष्ट्यांची जी खात्री होती ती या स्तोत्राच्या पृष्ठभागावरून तयार होणारीच होती. परिणाम २६ व्या अध्यायात आहे : त्याला पकडण्यात आले आणि त्याच्या देहदंडाची मागणी झाली. त्याला वाचवले ते एका जुन्या स्मरणाने. सभेतील काही वडीलधाऱ्यांनी उठून सांगितले की, हिज्कीयाच्या दिवसांत मोरेशेथच्या मीखाने सियोन शेतासारखी नांगरली जाईल असे म्हटले होते, आणि राजाने त्याला मारले नव्हते. मोरेशेथ हे लाखीशच्या परिसरातले गाव. यहूदाच्या ज्या कन्या इ.स.पू. ७०१ मध्ये होरपळल्या, त्यांच्यापैकीच एकीतून आलेल्या माणसाला राजधानीची अभेद्यता कधी पटली नव्हती, आणि त्याचे शब्द शंभर वर्षे कोणीतरी लक्षात ठेवले होते. शाफानाचा मुलगा अहीकाम याने यिर्मयाला पाठीशी घातले. असाच संदेश देणाऱ्या उरीयाला मात्र राजाने इजिप्तमधून धरून आणून ठार केले. अर्थनिर्णयाचा हा वाद केवळ पंडितांचा नव्हता, हे यावरून स्पष्ट व्हावे.

बाबेलच्या राजाने इ.स.पू. ५९७ च्या मार्चमध्ये नगरी घेतल्याची नोंद बाबेलच्या बखरीत आहे. डोनाल्ड वाइझमन यांनी ती १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यानंतरही दोन वर्षांत सारे परत येईल असे सांगणारा हनन्या लोकांना प्रिय होता. पुढच्या वेढ्यात शरण जाण्याचा सल्ला देणाऱ्या यिर्मयाला चिखलाच्या टाक्यात उतरवले गेले. तट फुटला, महिन्याभराने मंदिर जळाले. अविगाद यांना नगरीच्या उत्तर बाजूस एका बुरुजाच्या पायथ्याशी राख आणि बाणांची टोके मिळाली. स्तोत्राने मोजायला सांगितलेल्या बुरुजांपैकीच तो एक असू शकेल. १९८२ मध्ये यिगाल शायलो यांना जळालेल्या एका घरात मातीच्या ५१ मुद्रा सापडल्या. आगीत भाजल्यामुळेच त्या टिकल्या. त्यांपैकी एकीवर शाफानाचा मुलगा गमऱ्या याचे नाव आहे. यिर्मयाचा लेख बारूखाने मंदिरात वाचला तो याच नावाच्या माणसाच्या खोलीत.

पडलेल्या नगरीतील स्तोत्र

स्तोत्र ४८ वरचे पहिले भाष्य या राखेत लिहिले गेले. विलापगीतांच्या दुसऱ्या अध्यायात वाटसरू टाळ्या पिटतात, माना हलवतात आणि विचारतात की, अवघ्या पृथ्वीला आनंद देणारी म्हणतात ती हीच का. हे विशेषण स्तोत्र ४८ च्या दुसऱ्या वचनातले आहे. स्तोत्रात राजे पाहून घाबरले होते. येथे जाणारे-येणारे पाहून हसतात. चौथ्या अध्यायात तर, वैरी यरुशलेमच्या वेशीतून आत शिरेल यावर पृथ्वीच्या राजांचाही विश्वास नव्हता, असे म्हटले आहे. विलाप करणाऱ्या कवीला स्तोत्र पाठ होते. त्याने ते नाकारले नाही. ज्या देवाने रक्षण केले त्यानेच हे केले, असे म्हणून त्याने त्याच देवाकडे दाद मागितली.

स्तोत्रातील परिक्रमेची आज्ञा पाळणारा पुढचा माणूस नहेम्या. इ.स.पू. ४४५ मध्ये पारसिक राजाच्या परवानगीने आलेला हा अधिकारी रात्री मोजकी माणसे घेऊन तटाभोवती फिरला. ढिगाऱ्यांमुळे एके ठिकाणी त्याच्या जनावराला वाट मिळेना. बुरूज मोजण्याऐवजी तो भगदाडे मोजत होता. पुढे ५२ दिवसांत तट उभा राहिला, तेव्हा दोन गायकवृंद विरुद्ध दिशांनी तटावरून चालत मंदिरात एकत्र आले. कोल्हा चढला तरी ही भिंत कोसळेल, अशी शेजाऱ्यांनी तिची टर उडवली होती. अशा भिंतीभोवती स्तोत्र ४८ पुन्हा म्हणायचे तर त्याचा आधार दगडांत शोधणे शक्यच नव्हते. स्तोत्राला पराभवानंतरचे आयुष्य मिळाले ते बहुधा या दुबळ्या भिंतीमुळे.

ग्रीक भाषांतरात या स्तोत्राच्या शीर्षकात आठवड्याच्या दुसऱ्या दिवसाचा उल्लेख आहे, आणि इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नामध्ये (तामीद ७:४) लेवी गायक मंदिरात सोमवारी हे स्तोत्र गात, असे नोंदवले आहे. ही नोंद झाली तेव्हा इ.स. ७० मध्ये रोमनांनी जाळलेल्या त्या मंदिरात गाणारे कोणी उरले नव्हते. जुनी चूकही पुन्हा घडून गेली होती. योसेफसच्या कथनानुसार, मंदिर जळत असताना एका संदेष्ट्याने सुटकेची चिन्हे दिसतील असे सांगून लोकांना तेथे बोलावले आणि एका ओसरीवर सुमारे ६,००० माणसे, त्यांत बायका-मुले, जळून मेली. योसेफस बंडखोरांचा विरोधक होता, हे ध्यानात ठेवूनही ही हकिगत दुर्लक्षिण्याजोगी नाही. मिश्नाकारांनी याही अनुभवानंतर सोमवारचे स्तोत्र बदलले नाही.

ख्रिस्ती परंपरेत अर्थाची दिशा वेगळी झाली. मत्तयकृत शुभवर्तमानात येशू यरुशलेमला थोर राजाची नगरी म्हणतो ते तिच्या नावाने शपथ घेऊ नये असे सांगताना. पाचव्या शतकात, इ.स. ४१० मध्ये अलारिकने रोम लुटल्यानंतर, ऑगस्टीनने ‘देवाचे नगर’ हा ग्रंथ इ.स. ४१३ ते ४२६ या काळात लिहिला. अकराव्या खंडाच्या आरंभी ‘देवाचे नगर’ ही संज्ञा आपण कोठून घेतली हे सांगताना तो ८७, ४८ व ४६ या स्तोत्रांचा आधार देतो. रोम अजिंक्य मानणाऱ्यांना उत्तर देण्यासाठी त्याने यरुशलेमचे स्तोत्र वापरले, पण त्यातील नगरी नकाशावरून उचलून काळाच्या प्रवाहात नेली. या अन्वयार्थाने स्तोत्र कोणत्याही पाडावापासून सुरक्षित झाले खरे. मात्र त्यात दगडी बुरूज, लाखीशची गावे आणि राखेतले बाण यांना जागा उरली नाही. ऑगस्टीन स्वतः इ.स. ४३० मध्ये वारला, तेव्हा त्याच्या हिप्पो नगराला व्हँडलांचा वेढा पडलेला होता.

मराठीत हे स्तोत्र दोन वाटांनी आले. कोकणातील बेने इस्राएल समाज मराठी बोलणारा. त्यांना मूळ हिब्रू शिकता यावे म्हणून जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. सोमवारच्या प्रभात-प्रार्थनेतील स्तोत्र ४८ या समाजाच्या उपासनेतही आहे. दुसरी वाट भाषांतरांची. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून केलेले संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, केडगावच्या मुक्ती मिशनमधून प्रसिद्ध झाले.

मूळ हिब्रूतून भाषांतर करणाऱ्या प्रत्येकाला या स्तोत्राच्या अखेरीस एक अडचण येते. शेवटचे दोन शब्द ‘अल-मूथ’ असे आहेत. देव आपला वाटाड्या होईल, एवढे कळते. कोठपर्यंत, ते या दोन शब्दांवर अवलंबून आहे. स्वरचिन्हे आहेत तशी घेतली तर अर्थ मृत्यूपर्यंत, किंवा काहींच्या मते मृत्यूपलीकडे, असा होतो. अक्षरे जोडून वाचली तर ग्रीक भाषांतरकारांप्रमाणे युगानुयुग असा अर्थ निघतो. ती संगीताची सूचना असून पुढच्या स्तोत्राच्या शीर्षकातून घसरून येथे आली, असेही काही जण मानतात. ‘युगानुयुग’ हा पर्याय ऐकायला गोड आहे. परंतु हे स्तोत्र ज्यांनी वेढ्यात, हद्दपारीत आणि पडक्या भिंतीभोवती म्हटले त्यांच्या दृष्टीने पाहता, मृत्यूपर्यंत वाट दाखवणारा हा कठीण पाठच अधिक ग्राह्य वाटतो.